ताईच्या श्वासातली शिट्टी

शिट्टी पहिल्यांदा ऐकू आली ती एका मंगळवारी सकाळी, कादंबरीच्या चौदाव्या प्रकरणात. ताई आतल्या काचेच्या खोलीत वाचत होती आणि तिचा धाकटा भाऊ बाहेर यंत्रांपाशी हेडफोन लावून बसला होता. वाक्य संपलं, ताईनं श्वास घेतला, आणि त्या श्वासाच्या टोकाला कुणीतरी लांबून बारीक शीळ घातल्यासारखा आवाज आला. पुढच्या वाक्यानंतर पुन्हा तोच. भावानं हात वर करून तिला थांबवलं आणि वायरीत काहीतरी गडबड दिसतेय, पाच मिनिटं दे, असं बटण दाबून सांगितलं.

त्या पाच मिनिटांचा दीड तास झाला. त्यानं वायर बदलली, माइक बदलला, पंखा बंद केला, दाराच्या कडेची सुटलेली रबरी पट्टी दाबून बसवली. रिकाम्या खोलीचा आवाज रेकॉर्ड करून पाहिला, तर काहीच नाही. स्वतः आत बसून औषधाच्या खोक्यावरची सूचना मोठ्यानं वाचली, तरी काहीच नाही. मग ताई पुन्हा बसली, आणि शिट्टी हजर.

‘तुझ्या नाकात वाजतंय,’ तो म्हणाला.

‘सर्दी आहे. तू करशीलच की तुझी साफसफाई.’

साफसफाई हे त्याचं अर्धं आयुष्य होतं. लहानपणी जिन्यावर कोण चढतंय हे तो पावलांवरून सांगायचा, तेव्हापासून घरात त्याला कानसेन म्हणत. पुढे त्यानं कानांचाच धंदा केला. चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत तो आणि ताई मिळून सोळा वर्षं स्टुडिओ चालवत होते. ताई वाचायची, तो रेकॉर्ड करायचा. डोळ्यांनी वाचता न येणाऱ्यांसाठी, गाडी चालवणाऱ्यांसाठी, झोप न येणाऱ्यांसाठी तिनं दोनशेच्या वर पुस्तकं वाचली होती. शिवाय परभाषेतल्या मालिकांना ती आवाज द्यायची. दुकानात तिनं नुसतं ‘पाव किलो द्या’ म्हटलं तरी लोक वळून बघायचे. तो आवाज लोकांपर्यंत गुळगुळीत पोचायचा, कारण मधले श्वास, आवंढे, जिभेची चटचट, खुर्चीची कुरकुर हे सगळं कानसेन एकेक करून कापून टाकायचा.

गेली दोन वर्षं त्यात एका नव्या केराची भर पडली होती. नाक ओढल्याचा आवाज, कोरड्या तोंडाची टकटक, दातांवर दात घासल्याची करकर. ते तो इमानदारीनं कापत होता. झाडणारा माणूस केरातल्या चिठ्ठ्या वाचत बसत नाही, तसंच हेही.

दहा दिवस झाले, सर्दी काही गेली नाही. शिट्टी नेमकी कधी सुरू झाली हे शोधून काढावं म्हणून एका दुपारी त्यानं कच्ची रेकॉर्डिंग उघडली. न कापलेलं सगळं तो तारीखवार जपून ठेवायचा. शिट्टीचा उगम त्याला तासाभरात सापडला. साडेतीन आठवड्यांपूर्वी ती अगदी पुसट ऐकू येत होती. पण ऐकता ऐकता त्याला दुसरंच काहीतरी ऐकू यायला लागलं, आणि त्यानं कागद-पेन्सिल ओढून घेतली.

काही दिवशी ताई सुसाट वाचत होती. आवाज नेहमीपेक्षा किंचित चढा, शब्द एकमेकांच्या टाचेवर पाय देत येणारे, चार चार तास पाणी नाही, विश्रांती नाही, आणि दर पानाला दोनदा नाक ओढणं. त्यानंतर दोन दिवस रेकॉर्डिंगच नव्हतं. त्याच्या वहीत त्या तारखांपुढे ‘ताईची तब्येत’ एवढंच लिहिलेलं. मग एक-दोन दिवस दगडासारखा आवाज, एकच ओळ तीनतीनदा चुकलेली. मग आठवडाभर नेहमीची ताई. आणि पुन्हा सुसाट. सुरुवातीला असे दिवस दीड-दोन महिन्यांतून एकदा येत होते. पुढे पंधरवड्याला यायला लागले. गेल्या चार महिन्यांत तर सलग तीन दिवस सुसाट, चार दिवस गायब, असं चाललं होतं. कागदावर सगळं उतरल्यावर ते तापाच्या तक्त्यासारखं दिसायला लागलं.

आधी त्याच्या मनात थायरॉइड आला, मग मनाचे आजार आले. मग त्याला दोन वर्षांपूर्वीची ती लांबलचक मालिका आठवली. मुदत डोक्यावर आलेली, सगळे दमून चेंदामेंदा झालेले. त्या मालिकेच्या दिग्दर्शिकेनं त्यालाही मागच्या खोलीत नेऊन पांढऱ्या पुडीचा आग्रह केला होता, थकवा पळून जाईल म्हणाली होती. मला चहा पुरतो, असं म्हणून तो बाहेर आला होता. त्यानंतर थोड्या वेळानं त्याच खोलीतून ताई हसत हसत बाहेर पडली होती, आणि त्या दिवशी तिनं तीन भागांचं काम एका बैठकीत संपवलं होतं. कानसेननं तेव्हा तिला शाबासकी दिली होती. ‘आज घोडा सुटलाय नुसता,’ असं तो म्हणाला होता, आणि त्यानंतरही कितीतरी वेळा म्हणाला होता. सुसाट दिवस त्याच्या सोयीचे होते. चार दिवसांचं काम दोन दिवसांत व्हायचं, प्रकाशक खूश असायचे.

रविवारी सकाळी तो कागद घेऊन ताईच्या घरी गेला. भावजी जहाजावर इंजिनिअर, वर्षातले सहा-सात महिने पाण्यावर. भाची दुसऱ्या शहरात शिकायला, वसतिगृहात. त्यामुळे ताई बहुतेक एकटीच असायची. स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्यानं कागद पसरला आणि जे वाटत होतं ते सरळ सांगितलं.

ताईनं चष्मा लावला आणि कागद वरपासून खालपर्यंत नीट वाचला, एखादं नवीन पुस्तक चाळावं तसा. ती चिडेल, रडेल, हाकलून देईल, या सगळ्याची त्यानं तयारी केली होती. तिनं एका तारखेवर बोट ठेवलं.

‘सतरा तारखेला नव्हती घेतली. त्या दिवशी खरंच ताप होता.’

बाकी एकही तारीख तिनं खोडली नाही.

मग ती बोलायला लागली, शांतपणे, काहीसं समजावणीच्या सुरात. त्या दिग्दर्शिकेबरोबर सुरुवात झाली. मग कधीतरी शनिवारी, चार लोकांत. मग काम अडलं की. एकटीनं घ्यायला लागून वर्ष झालं असेल. त्यावर झोप यावी म्हणून वाइन. ती म्हणाली, ‘पण मी रोज घेत नाही. रोज घेणारे वेगळे असतात, ते मी पाहिलेत. मला दहा-दहा दिवस आठवणसुद्धा होत नाही.’

‘आणि अकराव्या दिवशी?’

ताई उठून कप विसळायला लागली. पाठमोरीच म्हणाली की आता बंद, तुझी शपथ, आणि यांना किंवा लेकीला यातलं अवाक्षर कळता कामा नये. कानसेननं मान डोलावली. खरं सांगायचं तर त्यालाही तेच हवं होतं. कुणाला सांगायचं नसलं की काही करायचंही नसतं.

बारा दिवस सगळं ठीक चाललं. तेराव्या दिवशी ताई सांगितल्यापेक्षा अर्धा तास आधीच येऊन बसली होती. पहिल्या ओळीतच त्याला कळलं. त्यानं तिला थांबवलं नाही. आज झालंय ते झालंय, पानं तरी पुढे सरकू देत, असा विचार त्याच्या मनात येऊन गेला. तो विचार त्याला पुढे बरेच महिने टोचत राहिला. अकराच्या सुमाराला ताई वाचता वाचता रेंगाळली, आणि अगदी पुस्तकातल्या आवाजात, माइकपासूनचं अंतरही न मोडता म्हणाली, ‘छातीवर कुणीतरी बसलंय.’

हे वाक्य पानावर कुठे आहे, हे कानसेन शोधत राहिला. सापडेना तेव्हा त्यानं मान वर केली. काचेपलीकडे ताई दोन्ही हातांनी टेबलाची कड धरून बसली होती आणि तिच्या कपाळावरून घामाचे ओघळ चालले होते.

रुग्णालय दहा मिनिटांवर होतं. तातडीच्या विभागात त्यांनी तिच्या छातीला तारा जोडल्या, दंडाला पट्टा बांधला. तरुण डॉक्टर एकेक प्रश्न विचारत होता. मधुमेह? नाही. आधी असं कधी? नाही. सकाळी काय खाल्लं? ताई म्हणाली की पित्त असेल, तिला पित्ताचा त्रास आहे. डॉक्टरनं विचारलं, कसली नशा वगैरे? ताईनं मान हलवली, नाही.

कानसेन पडद्याला धरून उभा होता. ‘कोकेन,’ तो म्हणाला. ‘आज सकाळीच घेतलंय. आणि काल वाइनही असणार.’

ताईनं डोळे मिटून घेतले. त्या दिवसभरात तिनं त्याच्याकडे पुन्हा पाहिलं नाही.

डॉक्टरला धक्का वगैरे बसलेला दिसला नाही. त्यानं नर्सला काहीतरी बदलायला सांगितलं आणि मग कानसेनकडे वळून म्हणाला की बोललात ते बरं केलंत, छातीत दुखणाऱ्या माणसाला एरवी आम्ही हृदयाची गती उतरवायला जे औषध सहज देतो, ते अशा वेळी टाळावं लागतं. कोकेननं हृदयाच्या रक्तवाहिन्या आवळून धरलेल्या असतात, त्या आणखी आवळण्याची भीती असते. त्याऐवजी त्यांनी तिला शांत करणारं औषध दिलं, जिभेखाली फवारा मारला, ॲस्पिरिन चघळायला दिली. दर थोड्या वेळानं रक्त काढून नेलं. संध्याकाळी कळलं की हृदयाच्या स्नायूला इजा झालेली नाही. एक रात्र ठेवून घेऊ, म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोठ्या डॉक्टरीणबाई आल्या. पन्नाशीच्या, आवाजात किंचित घोगरेपणा. कानसेनच्या कानानं तो लगेच टिपला. त्यांनी ताईच्या एका नाकपुडीत बारीक बॅटरी धरली आणि दुसऱ्या नाकपुडीतून पाहिलं.

‘इकडचा उजेड तिकडे दिसतोय,’ त्या म्हणाल्या. ‘मधल्या पडद्याला भोक पडलंय. शिट्टी वाजत असेल ना?’

त्यांनी ते फार साध्या शब्दांत सांगितलं. पावडर जिथे लागते तिथलं रक्त आटतं, पुन्हा पुन्हा आटलं की तो भाग उपाशी मरतो, मग खपली, मग भोक. हृदयाचंही गणित तेच, फक्त तिथे भोक पडायची वाट बघता येत नाही. घेतल्यानंतरच्या पहिल्या तासात धोका सगळ्यात जास्त. वाइन बरोबर असली तर यकृतात दोन्ही मिळून एक तिसरंच रसायन तयार होतं. ते जास्त वेळ रेंगाळतं आणि हृदयाला जास्त छळतं.

ताईनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. ‘पण मी रोज घेत नाही,’ ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई पलंगाच्या कडेला बसल्या. रोज थोडं थोडं घेणारे असतात आणि तुमच्यासारखे झटक्यानं, तीन दिवस सलग घेऊन मग थांबणारेही असतात, त्या म्हणाल्या. कोकेनचा अंमल लवकर उतरतो म्हणून माणूस पुन्हा पुन्हा घेत सुटतो, आणि संपलं की कोसळतो. मधले दिवस तुम्ही बऱ्या असता असं तुम्हाला वाटतं. ‘दिवस मोजू नका. ठरवून थांबता येतं का, एवढंच स्वतःला विचारा. आलं का?’

ताई खिडकीकडे बघत म्हणाली, ‘बारा दिवस आलं.’

व्यसन सुटायला गोळी असेल, असं कानसेनला वाटत होतं. दारूसाठी आहेत, अफूच्या जातीच्या नशेसाठी आहेत, यासाठी अजून तशी पक्की गोळी नाही, असं त्याला सांगण्यात आलं. जे होतं ते बोलणं होतं, आणि एक काचेचं भांडं होतं.

त्या भांड्याचं ताईला आधी हसू आलं होतं. व्यसनमुक्ती केंद्रात आठवड्यातून तीनदा जाऊन लघवी तपासायला द्यायची. साफ निघाली की भांड्यात हात घालून चिठ्ठी काढायची. निम्म्याहून जास्त चिठ्ठ्यांवर नुसतंच ‘छान’ लिहिलेलं, काहींवर छोटी बक्षिसं, एखादीवर मोठं. सलग साफ निघत गेलं की चिठ्ठ्याही वाढत जात, एकदा चुकलं की पुन्हा एकीवर. वाचनासाठी दोन मोठे पुरस्कार मिळवलेली बाई तिसऱ्या आठवड्यात प्लास्टिकचा झाकणाचा डबा घेऊन घरी आली आणि तिनं तो टेबलाच्या मधोमध ठेवला. कानसेननं थट्टा करायला तोंड उघडलं होतं, पण तिचा चेहरा पाहून मिटलं.

पहिला आठवडा ती नुसती झोपली आणि जेवली, सोळा-सोळा तास झोप आणि उठली की पुढ्यात येईल ते. त्यानंतरचे दिवस खरे अवघड होते. दुखत काहीच नव्हतं, पण बरंही काही वाटत नव्हतं. जेवणाला चव नाही, गप्पांत जीव नाही, भाचीचा फोन आला तरी दोन वाक्यांत संपायचा. कुणीतरी सगळं जग उकळत्या पाण्यात धुऊन त्याचा रंग घालवलाय, असं ती म्हणाली. एकदा तिनं आपणहून सांगितलं की शेवटच्या महिन्यांत प्रकाशकाची माणसं माइकमधून आपलं बोलणं ऐकतात अशी तिची खात्रीच पटली होती. काचेच्या खोलीतून बाहेर पडताना ती माइकवर आपला स्कार्फ टाकून जायची. तो स्कार्फ कानसेननं किती वेळा उचलून खुंटीला लावला होता. माइकवर धूळ बसू नये म्हणून ताई काळजी घेते, असं त्याला वाटायचं.

समुपदेशकानं तिला एक यादी करायला सांगितली: कशाकशानं आठवण उसळते. ताईनं लिहिलं, हेडफोनचा कानांवरचा दाब. काचेच्या खोलीतल्या फोमचा वास. मुदतीची तारीख. आणि शेवटी, स्वतःचं चांगलं झालेलं वाचन. यादी वाचून समुपदेशक म्हणाला की निदान सहा महिने स्टुडिओत पाऊल ठेवायचं नाही.

हे कानसेनला जितकं लागलं तितकं ताईलाही लागलं नसेल. अर्धवट कादंबरी त्यानं पहिल्या पानापासून पुन्हा एका निवृत्त शिक्षकांकडून वाचून घेतली. त्यांचा आवाज चांगला होता, पण दर प्रकरणाआधी ते घसा खाकरून वर्गाकडे बघावं तसं काचेकडे बघत.

दोन महिन्यांनी भावजी जहाजावरून आले. ताईनं त्यांना दारातच सगळं सांगून टाकलं, बॅग हातातून खाली ठेवायच्या आत. ते चपलांच्या स्टुलावर बसले. मग त्यांनी मान वर करून तिथेच उभ्या असलेल्या मेव्हण्याकडे पाहिलं.

‘तुम्हाला माहीत होतं.’

‘हो,’ कानसेन म्हणाला. भावजींनी त्याच्याशी तीन आठवडे अबोला धरला. त्या काळात त्यांनी किनाऱ्यावरच्या गोदीत नोकरीसाठी अर्ज केला आणि ती मिळवली. लेकीला सांगायचं काम ताईनं कुणाला करू दिलं नाही. वसतिगृहात जाऊन, बागेतल्या बाकावर बसून, तिनं स्वतः सांगितलं. भाची त्यावर काय म्हणाली हे त्या दोघींनी कधीच कुणाला सांगितलं नाही.

केंद्रात बुधवारी नातेवाइकांची बैठक असायची. कानसेन चार वेळा दारापासून परत आला आणि पाचव्यांदा आत गेला. बारा-पंधरा माणसं गोल करून बसली होती. त्याची पाळी आली तेव्हा त्यानं आपला धंदा सांगितला, आणि दोन वर्षं आपण बहिणीचं नाक ओढणं कसं कापत होतो ते सांगितलं. त्यासाठी चांगलं सॉफ्टवेअरही घेतलं होतं, असं तो म्हणाला, आणि शेजारच्या म्हाताऱ्या ट्रकचालकाला हसू फुटलं. मग आणखी दोघं-तिघं हसले. कानसेनला राग आला.

‘रागावू नका हो,’ ट्रकचालक म्हणाला. ‘मी मुलाच्या गाडीतला रक्ताचा रुमाल धुऊन, इस्त्री करून परत ठेवायचो. इथं बसलेल्या प्रत्येकानं काहीतरी साफ केलंय.’

घरी जाताना कानसेनला बऱ्याच दिवसांनी भूक लागली.

पाचव्या महिन्यात ताई घसरली. ना भांडण झालं होतं, ना कुणी मेलं होतं. घरी स्वयंपाकघरात बसून तिनं फोनवर एक गोष्ट रेकॉर्ड केली, लेकीला पाठवायला. वाचन फार सुंदर झालं. ती इतकी खूश झाली की वाटलं, आता मी बरी झाले, आता एकदा घेतली तर काय होणार आहे. भावजी गोदीच्या कामासाठी चार दिवस बाहेरगावी होते. ते चारही दिवस तिनं कुणाचा फोन उचलला नाही. तपासणीच्या दोन खेपा बुडाल्या.

पाचव्या दिवशी दुपारी तिनं कानसेनला फोन केला. आवाज ऐकूनच तो उठला, पण तिनं स्वतःच सांगितलं. ‘घेतली. चार दिवस. काल संपली. आता केंद्रात जायला हवंय आणि मला जाववत नाही.’

तो गेला तेव्हा ती बाहेरचे कपडे घालून जिन्याच्या पायरीवर बसलेली होती. नाकातून रक्त येऊन गेल्याच्या खुणा बाहीवर होत्या. केंद्रातल्या डॉक्टरांनी आधी नाडी आणि छाती तपासली. इतके महिने सोडल्यावर शरीराची सवय मोडलेली असते, पूर्वीइतकं घेतलं तरी तेवढ्यानं जीव जाऊ शकतो, हे त्यांनी दोघांनाही बसवून सांगितलं. मग तपासणी झाली, अर्थातच खराब निघाली. पुढच्या साफ तपासणीला तिच्या वाट्याला पुन्हा एकच चिठ्ठी येणार होती. पाच महिन्यांत ती बारा चिठ्ठ्यांपर्यंत चढली होती. ताई त्या भांड्याकडे बघून रडली. मुलांना खाऊ वाटतात तसल्या त्या भांड्यासमोर रडणाऱ्या आपल्या बहिणीकडे बघताना कानसेनला कसलीच लाज वाटली नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

त्यानंतर आजपर्यंत अकरा महिने झाले. मधे एकदा नाकाच्या सर्जनलाही दाखवून झालं. ते म्हणाले की वर्षभर पूर्ण बंद असल्याशिवाय शस्त्रक्रियेला हात लावणार नाही, शिवलेलं पुन्हा फाटतं. तोवर त्यांनी भोकात सिलिकॉनचं छोटं बटण बसवून दिलं. सदऱ्याला लावतात तसंच, दोन्हीकडून चपटं. खपल्या कमी झाल्या. वास मात्र पूर्वीइतका येत नाही. दूध उतू गेलेलं ताईला आता शेजारघरून कळतं, असं भावजी म्हणतात.

कानसेनला वेगळाच रोग जडला होता. ताई समोर असली की तो तिचा श्वास ऐकत बसायचा. जेवताना, बसस्टॉपवर, फोनवर. ती जरा भरभर बोलली की तो तिच्या नाकाकडे बघायचा, जरा गप्प राहिली की तो मनातल्या मनात तारखा जुळवायचा. एका रविवारी जेवता जेवता ताईनं चमचा खाली ठेवला.

‘ऐकू नकोस,’ ती म्हणाली. ‘विचार. कधीही विचार, मी खरं सांगीन. पण असा चोरून ऐकू नकोस रे, मला जेवण जात नाही.’

कानसेननं तिथेच, भावजींसमोर विचारलं, घ्यावंसं वाटतंय का. ताई म्हणाली की काल दुपारी घ्यावंसं वाटलं होतं, फार, वीस मिनिटं. मग कपाट आवरायला घेतलं आणि ते गेलं. सगळे पुन्हा जेवायला लागले.

समुपदेशकाच्या संमतीनं ताई गेल्या महिन्यापासून पुन्हा वाचतेय. काचेच्या खोलीत नाही. कानसेननं मागची सामानाची खोली रिकामी केली, भिंतींना जाड गोधड्या लावल्या आणि हेडफोनऐवजी छोटा स्पीकर बसवला. दिवसाला दोन तास, मुदत नसलेलीच पुस्तकं. आताचं पुस्तक मुंग्यांवर आहे. वेग पूर्वीच्या निम्मा आहे. पूर्वी एका दमात व्हायची ती पानं आता तीन-तीनदा वाचावी लागतात, आणि एवढ्यातेवढ्यानं तिला थकवा येतो. हे किती सुधारेल, हे डॉक्टरांनाही नक्की सांगता येत नाही. तिच्या जुन्या वाचनाची पत्रं अजून येतात. ती तिला दाखवावीत की नाही, हे कानसेननं तिलाच विचारलं. आत्ता नको, ती म्हणाली.

परवा मुंग्यांच्या वारुळाचं प्रकरण चाललं होतं. ते नीट जमलं, अगदी पूर्वीसारखं, आणि पान संपल्यावर ताईनं पुस्तक मिटलं.

‘आता नको पुढे,’ ती म्हणाली. ‘चांगलं झालंय. डोकं तिकडे चाललंय माझं.’

घड्याळात सव्वाअकरा झाले होते. कानसेननं यंत्र बंद केलं. खालच्या दुकानातून त्याचा नवीन चष्मा आणायचा राहिला होता, तो ताईच्या मते त्याला मुळीच शोभणार नव्हता. दोघं जिना उतरून तो आणायला गेले.